शांती समितीतली खुर्ची

तीर्थरूप अण्णा,

एकाच घरात राहणाऱ्या माणसांना एकमेकांना पत्रं लिहावी लागत नाहीत, म्हणून तुमच्या हयातीत तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहायला बसले आहे, कारण थोड्या वेळाने पोलीस ठाण्यातून शिपाई येणार आहे. एका कागदावर त्याला माझी सही हवी आहे. ती करावी की करू नये, हे विचारायला मला दुसरं कोण आहे?

तुम्हाला सांगायचंच राहिलं. शांती समितीत तुमच्या जागी मला घेतलं. तुमचं दिवसकार्य आटोपलं आणि फोन आला, "मैडम, पंडितजी की जगह अब आप आ जाइए. मराठी समाज से भी तो कोई चाहिए." मला हसूच आलं. मराठी समाज म्हणे! लक्ष्मी गेटच्या आतली आपली मोजकी घरं, आणि त्यातली अर्धी मुलं "आत्या, मराठी समझ लेते हैं, बोलने को मत कहो" म्हणणारी. दादाने पुण्याहून सांगितलं, कशाला त्या भानगडीत पडतेस? तरी गेले. तुमची खुर्ची रिकामी दिसू नये, एवढ्याचसाठी गेले.

लहानपणी त्या खुर्चीची मला किती लाज वाटायची, ठाऊक आहे? सणाच्या आधी ठाण्यात मोहल्ल्यातले हिंदू एका बाजूला बसायचे, मुसलमान दुसऱ्या बाजूला, आणि मधे तुम्ही. एकदा मी तुमचं बोट धरून आले होते. सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. तुम्ही उठलात आणि म्हणालात, "भाइयो, हमारे घर दाल में गुड़ पड़ता है. आप दोनों हमें आदमी नहीं गिनते, इसीलिए तो बीच में बिठाया है." सगळं ठाणं हसलं! कुणी ओरडलं, "पंडितजी तो बाहर के हैं, इन्हें माफ़ करो!" तुम्हीही हसत होतात. घरी येऊन मी आईजवळ रडले, की अण्णा लोकांना आपल्यावर हसू देतात. आई म्हणाली, "हसेनात का! हसून माझं वरण थोडंच आटणार आहे?"

तुमची युक्ती मला फार उशिरा कळली. दोन्ही बाजू एकदा तुम्हाला हसल्या की एकमेकांवर डोळे वटारणं त्यांना जड जायचं. त्या हसण्यातच तुम्ही तो नियम पक्का करून घेतलात. देवीच्या विसर्जनाची मिरवणूक मशिदीच्या गल्लीत शिरली की वाजंत्री बंद. ताजिये देवीच्या मंदिरासमोर आले की ढोल बंद. गल्ली संपली की पुन्हा खुशाल वाजवा. दोघांना सारखंच माप. दर वर्षी तुम्ही तो तोंडाने म्हणून दाखवायचात आणि दोन्हीकडून "हओ, हओ" यायचं.

पण अण्णा, तो लिहून का नाही घेतलात? मी उभी हयात सरकारी कचेरीत काढली. किती वेळा म्हटलं तुम्हाला, की कागदावर घ्या, शिक्का मारून घ्या. तुमचं एकच उत्तर, "कागद आला की वकील येतो. आत्ता माणसं शब्दाला जागतात, जागू देत." माणसं जागत होती तोवर ठीक होतं हो!

काल बैठक झाली. आरंभी ठाण्याच्या नव्या साहेबांनी शासनाचं परिपत्रक वाचलं. सर्व धर्मांचा आदर, सौहार्द, द्वेष पसरवणाऱ्यावर कठोर कारवाई. काय सुंदर भाषा! एका शब्दाला नाव ठेवायला जागा नाही. मग समोसे आले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, एवढंच की समोसे तेवढे खरे होते.

मग देवी समितीचा नवा अध्यक्ष उठला. पिंटू, दतिया गेटजवळ ज्याचं मोबाईलचं दुकान आहे तो. म्हणाला, यंदा डीजे ग्वाल्हेरहून येतोय, तो गल्लीतसुद्धा बंद होणार नाही. "माता की सवारी चुपचाप क्यों निकले?" साहेबांनी समितीकडे पाहिलं. मी जुना नियम सांगितला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "लिखित में कहाँ है?"

मी काय दाखवणार होते, अण्णा? तुमचं हसणं?

तरी उभी राहिले. तुमच्यासारखंच करून पाहिलं. म्हटलं, "भैया, हमारे यहाँ तो दाल में भी गुड़ पड़ता है, थोड़ी मिठास आप लोग भी रख लीजिए." कोपऱ्यातला म्हातारा हलवाई तेवढा गालात हसला. बाकी कुणी नाही. पिंटू अगदी अदबीने म्हणाला, "आंटीजी, आप लोग तो बाहर के हैं. यहाँ के मामले में आप न पड़ें."

तेच वाक्य! ज्याच्यावर सगळं ठाणं हसायचं तेच. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. त्याने ते खरंच मानलं होतं. ज्या शहरात आपल्या मराठी राणीच्या पुतळ्याला हार घालायला ही पोरं शिडी लावून चढतात, तिथे आपण बाहेरचे! मी पुणं पाहिलंय ते दादाच्या लग्नात. मला तिथे रस्ता ओलांडता येत नाही. मी कुठली बाहेरची? आणि आपल्याला तो हे सहज म्हणतो, तर रशीदचाचांना मनात काय म्हणत असेल?

चाचा नेहमीच्याच जागी बसले होते, तुमच्या खुर्चीला लागून. आता काठी लागते त्यांना. आईला बांगड्या भरताना तिचा हात दुखू नये म्हणून गोष्टी सांगायचे, ते आठवतं ना? मशिदीच्या गल्लीत खाली त्यांचं तेच दुकान आहे, वर घर, आणि मागच्या वर्षी अर्धांग झाल्यापासून चाची रस्त्याकडच्या खोलीत पडून असतात. दाराबाहेर बादली आपटली तरी दचकतात. मला वाटलं, आता चाचा बोलतील. मी भांडते आहे ते कुणासाठी?

चाचा काठीवर भार टाकून उठले आणि म्हणाले, "हमें कोई आपत्ति नहीं, साहब. धीमी आवाज़ में निकाल लें." आणि माझ्याकडे पाहिलं. गप्प बस, असं पाहिलं. अण्णा, मला इतका राग आला त्यांचा! साहेबांनी लगेच कागदावर लिहवून घेतलं, सर्वसंमतीने डीजेला परवानगी. बघा, आपला नियम कधी कागदावर आला नाही, त्यांचा एका बैठकीत आला.

मी सही न करताच उठले. पायऱ्यांवर चाचांना गाठलं आणि विचारलं, असं का केलंत? ते पायऱ्या उतरत राहिले, आणि लहानपणी लेकीसारखी हाक मारायचे तशीच मारून म्हणाले, "बिन्नू, बहस तो जीत लेते. फिर घर भी तो उसी गली में जाना था."

यावर तुम्ही काय बोलला असतात?

आज सकाळी त्यांचा फोन आला. घर विकताहेत. धाकटा मुलगा मोठ गावात असतो, त्याच्याकडे दोघं जाणार. गिऱ्हाईक गल्लीतलंच आहे, देवी समितीत बसणारं. "तुमने दस्तखत नहीं किए तो बात मेरे नाम पर आएगी, कि बुड्ढे ने सिखाया होगा. सौदा हो जाने दो. कर दो बिन्नू, मेरी ख़ातिर." आवाज अगदी साधा होता, दुकानात मापाची बांगडी शोधताना असतो तसा.

म्हणजे बघा, सही केली तर तुमचा नियम मी माझ्या हाताने पुरला. नाही केली, तर ज्याच्यासाठी तो नियम होता त्याच माणसाला मी अडचणीत घातलं. तुम्ही मधे बसायचात तेव्हा मधे बसायला जागा होती हो. मला ती कुठे ठेवलीत?

थांबा. दार वाजलं.

केली सही.

शिपाई बिचारा भला होता. पाणी प्यायला, म्हणाला, "पंडितजी बहुत हँसाते थे." कागद घडी करून खिशात घालून गेला. पोरगेला आहे, उद्या मिरवणुकीला त्यालाच त्या गल्लीत उभं करतील.

मला आता कशाचाच भरवसा वाटत नाही, अण्णा. परिपत्रकांचा नाही आणि शब्दाला जागणाऱ्या माणसांचाही नाही. पुढच्या वर्षी त्या गल्लीत कुणाची हरकत नसेल, कारण हरकत घेणारं कुणी तिथे उरणारच नाही. मग साहेब वर कळवतील की मोहल्ल्यात पूर्ण शांतता आहे. आणि ते खोटंही नसेल.

एक वचन मात्र देते. उद्या दुपारी डीजे निघायच्या आधीच मी चाचींच्या खोलीत जाऊन बसणार आहे. खिडक्या लावून घेईन. तो आवाज दारावरून जाईल तेव्हा दोन्ही हातांनी त्यांचे कान झाकून धरीन. त्याहून जास्त काही माझ्या हातात राहिलेलं नाही.

तुमची,
नंदा