तीन नंबरची लेन

बमरोली, सुरत
ता. ४ नोव्हेंबर

ती. सौ. उज्ज्वलाताईस,
सुवर्णाचा सा. न. वि. वि.

हातात फोन असताना ही बाई कागद का काळे करतेय, म्हणून हसशील. पण आमची एकच खोली. फोनवर बोललेलं सगळं सासूबाईंच्या कानावर जातं, आणि तुझ्याकडे दाजी फोन स्पीकरवर टाकून मोकळे होतात. म्हणून हे पत्र प्रमिलाबाईंच्या हाती देतेय. त्या बारडोलीला तुमच्याच गल्लीच्या मागे राहतात आणि आमच्या नाक्यावर झाडलोट करतात.

हो, नाक्यावर. साडी पॅकिंगला जाते असं तुला सांगितलं होतं, ते खरं नाही. हे कामाला होते ते लूमचं खातं बंद पडल्यापासून मी हायवेच्या टोलनाक्यावर तीन नंबरच्या बूथमध्ये बसते. तुला सांगणारच होते, पण मी कामाला लागले त्याच आठवड्यात दाजी टोलविरोधी समितीत गेले. मग जीभच उचलली नाही.

ताई, मला फार भीती वाटते गं. शिव्यांची सवय झालीय. गावातल्या गाड्यांचा सवलतीचा पास बंद झाल्यापासून माणसं काच खाली करतात ती भांडायलाच. रस्त्यात खड्डे, वरून पूर्ण टोल, गाडी घेताना टॅक्स भरला तो कुठे गेला, सगळं मलाच विचारतात. त्यांचं खोटं नाही. पण मला पगार मिळतो, टोल मिळत नाही, हे कुणाला सांगू?

गेल्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आजारी बायकोला घेऊन सुरतेला निघाले होते. त्यांचा फास्टॅग बंद दाखवत होता, दांडा उघडेना. मी म्हटलं, काका, मशीन घेत नाही, जरा थांबा, मी साहेबांना विचारते. साहेब म्हणाले, दुप्पट घे नाहीतर मागे लाव. मी पुन्हा विनवलं, तेव्हा कुठे त्यांनी गाडी सोडली. पण मागच्या गाडीतल्या कुणीतरी फोनवर चित्रण केलं. त्यात एवढंच दिसतं, की मागे बाई कण्हतेय आणि मी हात पुढे करून पैसे मागतेय. ते आता सगळीकडे फिरतंय. तोंडाला ओढणी होती म्हणून वाचले. ती बाई वाचली की नाही, हे मात्र मला माहीत नाही. जेवताना तिचं कण्हणं ऐकू येतं.

दाजींना यातलं काही बोलू नकोस. पिंकीला गोड पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुवर्णा

बारडोली
ता. ६ नोव्हेंबर

चि. सौ. सुवर्णा हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीनं पाय आपटल्यासारखंच आहे. पण उभ्या उभ्याच दोनदा वाचलं.

तू सांगायच्या आधीच मला कळलं होतं. सोमवारी जेवायला बसलो तेव्हा ह्यांनी ते चित्रण मला दाखवलं. ओढणी असो नाहीतर बुरखा, 'काका' म्हणताना तुझा आवाज शेवटी चढतो, तो मी लहानपणापासून ऐकतेय. माझ्या हातातून वाटी निसटली. ह्यांना वाटलं, मला त्या आजारी बाईची दया आली. म्हणाले, बघ, कसली दगडाच्या काळजाची बाई बसवलीय तिथे. मी मान खाली घालून फरशी पुसत राहिले.

सुवर्णा, ह्यांनीच ते समितीच्या ग्रुपवर टाकलं. आता त्यातून तुझा फोटो काढून मोठा बॅनर छापायला दिलाय. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी, सोळा तारखेला, कामरेजपासूनच्या गावांतल्या गाड्या घेऊन सगळे नाक्यावर येणार आहेत. घोषणा तीन नंबरच्या लेनसमोर द्यायच्या, असंही ठरलंय.

ह्यांना वाईट समजू नकोस. इको गाडीत नोकरीवाली माणसं भरून रोज सुरतेला जायचं-यायचं, प्रत्येक वेळी टोल, आणि पावसाळ्यात त्याच रस्त्यावर खड्ड्यात टायर फुटून गाडी उलटता उलटता राहिली. आत सात माणसं होती. घरी येऊन ह्यांनी पिंकीला जवळ घेतलं ते जेवायलाही सोडलं नाही, ते मी पाहिलंय. राग खरा आहे. पण त्या रागासोबत येणारी सगळीच माणसं ह्यांच्यासारखी नाहीत. काल बैठक आमच्या ओट्यावर झाली. एकजण हसत म्हणत होता, की काचा तर फुटणारच. मी चहाचा ट्रे तसाच आत नेला.

तू त्या दिवशी रजा घे. जमलं तर नोकरीच सोड. तुझ्यासाठी भाकरीला कळण्याचं पीठ आणि ठेचा प्रमिलाबाईंबरोबर पाठवते. नीट जेव. आहे तशीच सुखरूप राहा, एवढंच मागणं.

तुझी ताई

बमरोली
ता. १० नोव्हेंबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

ठेचा पोचला. सासूबाईंनी दोनदा घेतला आणि वर म्हणाल्या, तिखट कमी आहे.

रजा मागितली. साहेब म्हणाले, सोळा तारखेला जो येणार नाही त्यानं सतरा तारखेलाही येऊ नये. हे अजून घरीच आहेत, दुसऱ्या खात्यात काम मिळालेलं नाही. सोडू कशी?

शनिवारी कामावरून रिक्षानं येत होते. एक मोटारसायकल मागे लागली, ती पांडेसऱ्यापर्यंत हटली नाही. दोघंजण होते. मागे बसलेला फोन वर धरून माझ्याकडे बघत होता. मी बाजारातच उतरले आणि एका साडीच्या दुकानात शिरले. न घ्यायच्या साड्या उलगडायला लावल्या आणि ते जाईपर्यंत बसून राहिले. घरी आले ती चपला न काढताच आत शिरले. सासूबाई काय व्हयनं, काय व्हयनं करत मागे लागल्या. सांगितल्यावर त्यांनी दाराला कडी घातली, ती आता दिवसाही घालतात. आमचे हे म्हणतात, मी रविवारी नाक्यावर येऊन उभा राहतो. मी शपथ घालून नको म्हटलंय. गर्दीत हे कुणाच्या अंगावर गेले तर मी काय करू?

एक बातमी मात्र बरी आहे. त्या आजारी बाई घरी आल्यात, असं प्रमिलाबाईंनी कुठूनतरी विचारून आणलं. मी बूथमध्येच रडले. समोरचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तो गप्प झाला.

ताई, दाजींना सांगायचं की नाही हे आता तूच ठरव. मला काही सुचत नाही. लोभ आहेच, तो या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझी,
सुवर्णा

बारडोली
ता. १३ नोव्हेंबर

चि. सुवर्णास, अनेक आशीर्वाद.

मी सांगितलं.

हे गाडी धूत होते. मी नळ बंद केला आणि म्हटलं, बॅनरवरची ती बाई आपली सुवर्णा आहे. आधी ह्यांना चेष्टा वाटली. मग फोन काढून चित्रण पुन्हा लावलं, कानाशी धरलं. तुझा आवाज आला तसे पायरीवर बसले. एवढंच विचारलं, की तिनं मला का नाही सांगितलं. मी म्हटलं, तुम्हाला घाबरली.

संध्याकाळी समितीत जाऊन ह्यांनी बॅनर काढा म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा खोटं बोलवलं नाही. मग काय, सगळे उलटले. कोणी म्हणालं, साली नाक्यावर आणि दाजी मोर्चात, चांगला धंदा आहे. कोणी म्हणालं, कंपनीनं किती दिले? ज्यांच्याबरोबर हे वर्षभर गावोगाव फिरले, त्यांनीच. हे घरी आले ते शर्टाची बटणं तुटलेली.

आता हे म्हणतात, मी रविवारी जाणारच, सगळ्यात पुढे. कशासाठी, ते विचारलं तर सांगत नाहीत. मला दोन्हीकडची भीती आहे गं. तुझी काच फुटेल म्हणून, आणि ह्यांचं डोकं. पिंकी विचारते, मावशी काय चोर आहे का. मी तिला शाळेत पाठवलेलं नाही.

रविवारी बूथला आतून कडी लाव, खिडकीपासून लांब बस. पत्र मिळाल्याचं कळव. तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी ताई

बमरोली
ता. १७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

दाजींना सोडलं का? तुझा फोन लागत नाही. प्रमिलाबाई आज कामावर आल्या, तर त्यांच्या हाती हे देतेय. मी ठीक आहे. कोपराला काच लागली, तेवढीच.

तू बघितलं नाहीस ते सांगते. सकाळपासून गाड्या येत गेल्या. आधी घोषणा झाल्या, मग दांडे मोडले. शेजारच्या बूथमधली मुलगी देवाचं नाव घेत होती, ते मला पत्र्यातून ऐकू येत होतं. मग माझा फोटो आला. ताई, ओढणीतलं स्वतःचं तोंड एवढं मोठं, आणि त्यावर काळं फासलेलं. मी खुर्चीवरून खाली बसले.

तेव्हा दाजींचा आवाज आला. भोंग्यावरून सांगत होते, की बूथला हात लावू नका, आपलं भांडण आतल्या पोरींशी नाही. कोणीतरी ओरडलं, ही याची सालीच आहे. भोंगा हिसकावला. दाजी येऊन माझ्या काचेला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही हात पसरून. मला फक्त त्यांचा शर्ट दिसत होता. दगड आला तो त्यांच्या कपाळाला लागला, दुसरा काचेला. मी कडी काढली आणि त्यांना आत ओढलं. दोघं खाली बसलो. मी ओढणी सोडून त्यांच्या डोक्याला बांधली. ते एवढंच म्हणाले, की सुवर्णा, तू जेवलीस का? मला हसू आलं, मग रडू.

पोलीस आले तेव्हा पुढे असलेले सगळे नेले. दाजींनाही. मी मागे धावत सांगत होते, यांनी काही केलं नाही. कोणी ऐकलं नाही.

आज साहेबांनी कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. दाजींवर बोट ठेवून म्हणाले, हा पुढारी आहे, बूथवर यानंच माणसं आणली, असं लिहून सही कर. मी म्हटलं, हे माझ्या काचेसमोर उभे होते म्हणून मी जिवंत आहे, तसं लिहा, सही करते. ते म्हणाले, तसं लिहून काय उपयोग. मग मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि निघाले. आमचे हे बाहेर पानाच्या टपरीमागे उभे होते. शपथ मोडून कालपासून येतायत.

आता पुढे काय, ते ठाऊक नाही. दाजींचं कळव. तुझ्या मायेच्या भरवशावर आहे.

तुझी,
सुवर्णा

बारडोली
ता. २८ नोव्हेंबर

चि. सौ. सुवर्णा हिस,
हेमराजचे अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझी ताई समोर बसून लिहायला लावतेय, आणि शुद्धलेखन बघणार नाही असं तिनं कबूल केलंय. जामीन झाला. टाके निघाले. तुझ्या लखनरावांना नमस्कार सांग. त्यांच्या कामासाठी इथल्या एका ओळखीच्या माणसाशी बोललोय.

समितीनं मला काढलं. गेल्या रविवारपासून नाक्यावर टोल पूर्वीसारखाच सुरू झाला. खड्डेही तसेच आहेत. मी अजूनही म्हणतो, की ही लूट आहे. पण ते आता कुणासमोर म्हणायचं, ते कळत नाही.

काल गाडी घेऊन जामिनानंतर पहिल्यांदा सुरतेला निघालो. तीन नंबरच्या लेनमध्येच नंबर लागला. काच नवीन बसवलीय. आत तुझ्याऐवजी दुसरी मुलगी होती, विशीची असेल, तोंडाला ओढणी. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि मला ओळखलं. माझा पण फोटो आता सगळीकडे फिरलाय ना.

मी टॅग मशीनसमोर यावा म्हणून गाडी सावकाश पुढे घेत होतो. मशीन वाजायच्या आधीच तिनं दांडा वर केला. मी हातानं खुणावलं, थांब, पैसे कापू दे. तिनं मान हलवली आणि खुर्ची मागे सरकवली, भिंतीला टेकेपर्यंत. हात जोडून मला जा म्हणत होती.

वर्षभर जे मागत होतो ते मिळालं, सुवर्णा. फुकट गेलो. पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. गाडीतल्या माणसांना कामावर उशीर होत होता, तरी लगेच निघालो नाही.

ताईसोबत रविवारी येतोय. आम्हाला दार उघड.

तुझा,
दाजी