टेकडीवरच्या सहा तोफा

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

लढाईवर तू, आणि काळजी मात्र आमची करत बसतोस, म्हणून लिहितो. आपल्या घरामागच्या टेकडीवर विमानं पाडायच्या सहा तोफा उभ्या राहिल्या आहेत. काळ्या कुळकुळीत, लांब नळीच्या. हातातलं सुतारकाम आटोपून मी रोज वर चक्कर मारतो. तुझी आई दोन महिन्यांनी काल पोटभर जेवली. आता शत्रूची इकडे वाकड्या नजरेनं बघायची छाती नाही. निर्धास्त राहा आणि मोजे कोरडे ठेव.

तुझे बाबा

११ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

मी सैन्यात जातो म्हटल्यावर महिनाभर अबोला धरलात, आणि आता पत्रं सेनापतीसारखी लिहिता. सहा तोफा ऐकून आमच्या साहेबांनाही हेवा वाटला. आमच्याकडे दोनच आहेत. शहरात रोज बाँब पडतात, त्यात हिला सातवा महिना. तेव्हा तिला शुक्रवारच्या गाडीनं तुमच्याकडे निघायला कळवलं आहे. तुमच्याइतकी सुरक्षित जागा मला दुसरी दिसत नाही. माझ्यावरचा राग गेला का, तेवढं कळवा. आईला नमस्कार.

तुमचा धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालात टाकत नाही, सुटीवरून परतणाऱ्या तुझ्या सोबत्याच्या हाती देतो आहे. तुझं पत्र आणि सूनबाई एकाच दिवशी येऊन पोचली. तिला माघारी धाडायला गाडीच नव्हती. आता ऐक. त्या तोफा लाकडाच्या होत्या. मीच केल्या. घरातही बोलायचं नाही अशी ताकीद होती, आणि तुझ्या आईला झोप लागत होती, म्हणून मीही तोंड उघडलं नाही.

मंगळवारी भरदुपारी विमानं आली आणि सहाच्या सहा उडवून गेली. आम्ही तिघं माझ्या कामाच्या मोठ्या टेबलाखाली होतो. खिडक्या गेल्या, माणसं राहिली. बाहेर आल्यावर सूनबाई एवढंच म्हणाली, की बाबांचं काम शत्रूलाही खरं वाटलं. आई अजून माझ्याशी बोलत नाही.

इथले लष्करी साहेब मात्र खूश आहेत, शत्रूचे बाँब लाकडावर वाया गेले म्हणून. त्यांना आणखी दहा हव्यात. जन्मभर टिकेल असं सामान केलं. मोडावं म्हणून केलेलं हे पहिलंच, आणि सरकारी शाबासकीही पहिलीच. या वेळी मी अट घातली: तोफा नदीपलीकडच्या माळावर जातील, जिथे चिटपाखरू नाही. त्यांनी कुरकुरत मानली.

तू विचारलंस म्हणून सांगतो, तो राग नव्हता रे. भीती होती.

लाकूड दहांचं आलं आहे, तोफा नऊच होतील. दहावीचा पाळणा करायला घेतला आहे. साहेबांनी मोजल्याच तर सांगेन, एक लढाईवर गेली.

तुझी वाट पाहणारे,
बाबा