वर येण्याचं बटण

२ मार्च
वहिनींनी दादाची अर्धवट राहिलेली, रिमोटवर चालणारी छोटी पाणबुडी माझ्या स्वाधीन केली. दादा जाऊन वर्ष झालं. एकदा तिला बुडून वर आलेली बघायचं आहे, एवढंच म्हणाल्या. पंधरा दिवसांचं काम. दादाने चार वर्षं घोळ घातला. प्लॅनिंग नाही, दुसरं काय.

५ मार्च
अभ्यास केला. दादाने नक्कल केली ती जर्मनांची अगदी सुरुवातीची पाणबुडी, १८५० सालची. चाचणीतच बुडाली, पण आतले तिघेही जिवंत सुटले. म्हणजे डिझाइन मुळात चांगलं.
दादाने आत तीन माणसं बसवली आहेत. सुकाणूवरच्याला त्याच्यासारखंच टक्कल.

९ मार्च
सुकाणूवाला मान वळवून फळीवरच्या जुन्या रिमोटकडे बघतोय. काल समोर बघत होता. गोंद सुटला असणार. पुन्हा चिकटवला.

१० मार्च
पुन्हा तेच. गोंद भेसळीचा.

१४ मार्च
नवा डिजिटल रिमोट बसवला. हातभर एरियलचा तो डबा कोण वापरतो हल्ली? जुना रिसीव्हर काढून फेकला. वहिनी म्हणाल्या, पाण्याखाली जुन्याचंच ऐकू जातं असं ते म्हणायचे. वहिनी हळव्या आहेत. बादलीत चाचणी घेतली. झकास.

१७ मार्च
कामाच्या खोलीतला दिवा दिवसाही चालू ठेवतो. रंग लवकर वाळतो. हिने विचारलं, आत कोणाशी बोलत होतात? म्हटलं, मापं मोठ्याने म्हणत होतो. ही म्हणाली, मापांना कोणी 'रागावू नकोस' म्हणत नाही.

२१ मार्च, सकाळी
तळ्यावर. वहिनी दादाचा स्वेटर घालून आल्या होत्या. बुडी अप्रतिम. मग वर येण्याचं बटण दाबलं. दाबतच राहिलो. निम्मी चाचणी शंभर टक्के यशस्वी.
वहिनी शांतपणे म्हणाल्या, "येतील. एका हाकेत कधी आलेत?"

२२ मार्च
माहितीपत्रक वाचलं. नव्या रिमोटचा सिग्नल खोल पाण्यात पोचत नाही. हे आधी ठळक अक्षरांत लिहायला काय झालं होतं?
आत दादा आहे असं मी मुळीच मानत नाही. पण पाणी गार असेल, हे सारखं मनात येतं.

२६ मार्च
वहिनी रोज तळ्याकाठी बसतात. त्यांची समजूत काढायला मीही जातो. आज मधोमध बुडबुडे आले. वहिनी उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कोणीतरी "दादा" अशी मोठ्याने हाक मारली. काठावर तिसरं कोणी नव्हतं आणि वहिनी काही त्याला दादा म्हणायच्या नाहीत. मी तर तेव्हा कमरेइतक्या पाण्यात होतो.