रेषा सरळ करून देणारा माउस

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

इतके महिने गप्प बसले त्याबद्दल आधी माफ कर. कारणं द्यायला लागले तर चार पानं भरतील आणि त्यातलं एकही कारण मला स्वतःला पटणार नाही. मार्चमध्ये तू एवढा लांबलचक मेसेज पाठवलास, की गेममध्ये बारीक नेम धरायला माउस कुठला घेऊ, हलका की जड, पॅड कापडी की कडक, तू दिवसभर माउस धरून बसतेस तर तूच सांग. आणि मी उत्तर काय पाठवलं? एक हसरा चेहरा आणि 'दुकानदाराला विचार'. आज त्या मेसेजचं उत्तर लिहायला बसले आहे. लांबणार आहे. चहा करून घे आणि मग वाच.

माझं काम तुला माहीत आहे, तरी तू ते लोकांना नेहमी चुकीचं सांगतोस. 'आमची ताई कॅन्सरच्या दवाखान्यात चित्रं काढते' म्हणे! मी कुंपणं घालते रे. पेशंटच्या स्कॅनचे पातळ पातळ काप स्क्रीनवर येतात, पावाच्या स्लाइस एकीपुढे एक मांडाव्यात तसे. गाठीभोवतीची रेषा डॉक्टर काढतात. गाठीच्या शेजारी जे शाबूत राहायला हवं, म्हणजे डोळ्याची नस, मणक्यातला मज्जारज्जू, लाळेच्या ग्रंथी, त्याभोवतीची रेषा मी काढते. किरणांच्या मशीनला स्वतःची अक्कल नसते. आम्ही आखलेल्या रेषा ते निमूटपणे पाळतं. आणि त्या सगळ्या रेषा, बारक्या, माउसने काढायच्या असतात. वीस वर्षं मी हेच करते आहे, आणि या वीस वर्षांत माझ्या रेषेला कुणी नाव ठेवलेलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

सप्टेंबरात माझा जुना माउस गेला. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं करायला लागला. आमच्याकडे मेलेल्या माउसच्या जागी नवा मिळायला किती सह्या लागतात ते विचारू नकोस, म्हणून मी स्वतःच आणायचं ठरवलं. तेव्हा तुझा तो मेसेज पहिल्यांदा नीट उघडून वाचला आणि तो घेऊनच दुकानात गेले. दुकान एका बाईंचं आहे, माझ्याच वयाच्या. खेळायला सामान घेणारी सगळी पोरं त्यांना मावशी म्हणतात. मी काउंटरशी उभी राहते न राहते तोच त्यांनी विचारलं, गेम की काम? मी म्हटलं, काम. तर म्हणाल्या, मग गेमवालाच घ्या. कामवाले स्वस्तात समाधान मानतात आणि वर्षभराने मनगट धरून माझ्याकडेच येतात रडत. मग म्हणाल्या, हात ठेवा बघू, सगळा पंजा टेकवता की नुसती बोटं? इतकी वर्षं धरलेली वस्तू, पण आपण ती कशी धरतो हे मला सांगता येईना. शेवटी त्यांनीच पाहून सांगितलं, तुम्ही तर त्याला मांजराच्या पिल्लासारखं धरता, पळून जाईल म्हणून.

पॅडही त्यांनी दोन मांडले. कडक पॅडवर माउस ओल्या फरशीवरच्या साबणासारखा सुटायचा. कापडी पॅडवर तो थांबवला तिथे थांबायचा. मावशी म्हणाल्या, पळायला काय, कुणीही पळतं, नेम धरणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. मला ते इतकं पटलं की मी मोठा कापडी पॅड घेतला, कडा शिवलेला, मनगट कुठे अडणार नाही असा. आणि माउस हलका, चांगल्या सेन्सरचा, तुझा स्वतःचा कल त्याकडेच आहे असं तू लिहिलं होतंस म्हणून. घरी येताना कॉलेजात असताना नवीन ड्रॉइंग बोर्ड आणला होता तेव्हासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले. एका सुताराचा स्कॅन होता. गाठ डोळ्याच्या नसेला अगदी खेटून. अशा वेळी मी श्वास जरा धरते, ती जुनी सवय. रेषा काढली, स्क्रीन मोठी करून पाहिली, तर रेषेला दात. बारीक, एकसारखे, करवतीला असतात तसे. पुसली, परत काढली. परत दात. म्हटलं, माउसचा वेग फार ठेवलाय, तो कमी केला. तू सांगितलं होतंस तसं हात जोरात हलला की कर्सरने जास्त उडी मारायची ती सोय बंद केली. दात थोडे लहान झाले, गेले नाहीत. मग पॅडवर संशय घेतला, म्हणून कडक पॅड आणला. मग माउसचं वजन खुपलं, म्हणून मावशींकडे जाऊन तो बदलून जड आणला. मावशींनी माझ्यासमोर आधीच्या माउसने स्क्रीनवर एक गोल काढून दाखवला. गुळगुळीत. मी काढला. त्या माझ्या गोलाकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग हसून म्हणाल्या, बाई, चहा कमी करा. मीही हसले. बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले आणि पिशवी डाव्या हातात घेतली. का घेतली, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

पलीकडच्या टेबलावर आमचा गणितवाला बसतो. किरण किती द्यायचे याचा हिशेब तो करतो. जड माउसही 'बिघडलेला' निघाल्यावर मी त्याला म्हटलं, जरा माझ्या खुर्चीवर बसून बघ ना, या दुकानदारणीने मला फसवलंय. तो बसला, डोळ्याच्या नसेभोवती फिरवून आणला माउस, आणि रेषा अशी आली की जणू छापलेली. उठताना म्हणाला, ताई, नाचता येईना अंगण वाकडं. त्याच्या मनात काही नव्हतं रे, तो सगळ्यांनाच असं बोलतो. मी म्हटलं, हो ना, आता अंगण खणून काढते. आणि डोळे दुखतात असं सांगून त्या सुताराचं उरलेलं काम त्याच्याच गळ्यात मारलं. मग हात धुवायला गेले आणि नळाखाली हात धरून बघत राहिले. पाण्याची धार पडत होती, त्यामुळे काही कळतच नव्हतं. नळ बंद केला, तेव्हा कळलं.

त्या दिवशी तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य आठवलं. वाचताना मला ते तुझ्या नेहमीच्या फुशारकीचं वाटलं होतं. तू लिहिलं होतंस, 'ऑफिसातले काही माउस लबाड असतात ताई. हाताची बारीक थरथर गाळून टाकतात आणि रेषा सरळ करून देतात. आम्हाला तसला नको, आम्हाला आमचा खरा हात लागतो.' म्हणजे माझ्या त्या जुन्या माउसने माझं झाकलं होतं. किती वर्षं? हाच प्रश्न मला खातो. आमच्याकडे माझी एकही रेषा दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय मशीनपर्यंत जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी गेला महिनाभर जेवणाच्या सुट्टीत मी जुनी कामं उघडून बघते. सगळं ठीक आहे. ठीक आहे हे बघून जिवाला थोडं बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी परत उघडते. तुझ्या भावोजींना वाटतं, माझं ऑफिसात कुणाशी तरी बिनसलंय.

तुला बाबांचा पेनांचा खण आठवतो? बाबा दर महिन्याला नवीन पेन आणायचे. हे बोटातून सरकतं, हे कागदावर अडतं, याची शाई पसरते. बँकेने सही जुळत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं, तेव्हा घरी येऊन त्यांनी त्या कारकुनाचा असा उद्धार केला की आई म्हणाली, अहो, तो बिचारा तुमची सहीच बघत होता, तुमची कुंडली नाही. ते गेल्यावर आपण दोघांनी खण रिकामा केला. तू एकेक पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला ओढून बघत होतास, आणि मग म्हणालास, ताई, सगळी चालतायत गं. आपण हसलो होतो. बाबांना नव्याची हौस, असं म्हणून ती वाटूनही टाकली.

काल मी डॉक्टरांकडे गेले होते. तिथे मला हात पुढे धरून उभं केलं, एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, आणि मग एक कागद देऊन म्हणाले, मधून सुरू करा आणि गोगलगाईच्या पाठीवर असतं तसं वळसे घेत बाहेर या. मी काढलं. बारक्या, मी आयुष्यभर रेषाच काढल्या, पण इतकं भीत भीत कधी काढलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या तपासण्या होऊ देत, मग पक्कं सांगता येईल. पण दिसतंय ते असं की हे घराण्यात चालत येणारं कंपन असावं, आपण ज्याला घाबरतो तो मोठा आजार, कंपवात, वाटत नाही. हळूहळू वाढतं, औषध असतं, पुष्कळांना त्याचा उपयोग होतो. घाबरू नका, पण झाकू नका, असं म्हणाले. वडिलांना होतं का, विचारलं. मी म्हटलं, त्यांना पेनांची हौस होती. ते लिहीत होते ते थांबले. मग विचारलं, भावंडं? मी म्हटलं, एक आहे, धाकटा. त्याला काही? मी लगेच म्हटलं, छे, तो तर गेममधला नेमबाज आहे, त्याचा हात दगडासारखा.

जिना उतरताना मधल्या पायरीवर माझे पाय थांबले. परवाच तुझ्या बायकोचा फोन आला होता. हसत हसत सांगत होती, ताई, घरात माउसचं प्रदर्शन भरलंय, हा चौथा मागवलाय, पॅडची तर गुंडाळी करून कपाटावर ठेवलीय, एकही मेला यांच्या पसंतीला उतरत नाही. आणि मग आवाज जरा उतरवून म्हणाली, टीममधली जागा सोडली त्यांनी, विचारलं तर माउस खराब आहे म्हणतात. मी फोनवर म्हटलं होतं, लहानपणापासून असाच आहे तो, हरला की बॅटला दोष. जिन्यात उभ्या उभ्या मला आणखी एक आठवलं. मागे तुमच्या नव्या घरी आलो होतो, तेव्हा तुझी बायको चहा ओतत होती आणि तू म्हणालास, मला अर्धाच. थेट बाबांच्या आवाजात. बाबाही कुणाच्या घरी गेले की अर्धाच मागायचे, आणि आपण त्यांना कंजूष म्हणायचो. मी टाळी वाजवून म्हटलं, हुबेहूब! तू हसलास, आणि कप दोन्ही हातांनी उचललास. घरी येऊन तुझा मार्चचा मेसेज पुन्हा काढला. माउस, पॅड, वजन, सेन्सर, हे सगळं झाल्यावर शेवटी एकटी ओळ आहे, 'आणि ताई, तुझा हात कधी दमतो का गं?' तू मला माउस विचारत नव्हतास.

तर आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. माउस थोडा जड घे, पॅड कापडी आणि मोठा. वेग कमी ठेव म्हणजे मनगटाऐवजी सगळा हात हलेल. पण पाचवा माउस आणण्याआधी एक कर. हे पत्र मी मुद्दाम हाताने लिहिलंय. अक्षर जसं आलं तसं ठेवलंय, कुठेही पुन्हा गिरवलं नाही. सोबत माझी ती कालची गोगलगाय जोडली आहे. बघ, हस हवं तर. तिच्या मागे एक कोरा कागद आहे, तो तुझा. टेबलाशी बसून त्यावर मधून सुरू कर, वळसे घेत बाहेर ये, आणि जशी येईल तशी मला पाठव. चांगली आली तर मी तुझ्या टीमला स्वतः फोन करून सांगेन की याला परत घ्या, माउसच खराब होता. नाही आली, तर मी येते. डॉक्टरांकडे आपण दोघं जाऊ, बाहेरच्या बाकावर बसू, आणि चहा मागवू. कप भरून. सांडला तर सांडला.

माझं अजून एक राहिलंय. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. डोळे दुखतात हे कारण मी आता आणखी एकदाही देणार नाही.

तुझीच,
ताई

उद्या: कामाला बसण्याआधी आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर बाईंच्या खोलीत जाऊन हाताचं सांगणे.