माळकऱ्याच्या घरात मासोळ्या

कार्तिक वद्य ३, शके १८५७. मेहकर

आली! काचपेटी आली एकदाची! सईदनं स्वतः डोक्यावर आणली. तो बाजारात तसबिरींना काचा लावतो. मासोळ्यांसाठी पेटी मात्र पहिल्यांदाच केली म्हणाला. ओसरीत खिडकीखाली ठेवली, पाणी भरलं, आणि खालून धार! सईदचं तोंड एवढंसं झालं. "भाभी, तस्बीर में पानी नहीं भरते ना!" मला हसू आवरेना. आता कोपऱ्यांना राळ लावून आणतो म्हणाला.

ही कल्पना ह्यांची. (नाव इथेही लिहायला हात धजत नाही. गंमतच!) हे इथल्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवतात. नागपूरला शिकताना कुठेशी पाहिली होती म्हणे अशी पेटी — आत वनस्पती, त्यात मासोळ्या. पण आमचं घर माळकऱ्याचं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, मासोळीचा वाससुद्धा चालत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठेवा. जित्या जिवाले काऊन नाई म्हनू? पन माह्या घरात जिवानं जीव खाल्ला, त पेटी पैनगंगेत. मी रोज पूजेआधी मोजीन."

म्हणजे एकमेकींना न खाणाऱ्या मासोळ्या शोधायच्या. अशा असतात का?

वद्य ५

पेटी गळत नाही. पण मी शहाणी! रोप लावायचं म्हणजे काळी माती, एवढंच आम्हा शेतकऱ्यांच्या घरात ठाऊक. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, सांगून मळ्यातली चांगली टोपलंभर काळी आणवली, दाबून बसवली, वर पाणी ओतलं. झालं! नुसता चहा! आज सकाळीही तसाच चहा. मामाजी काठी टेकत आले, पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "कापूस चांगला येईन."

सगळं उपसलं. आता नदीची वाळू.

वद्य ७

पाणी नितळ! रिबिनीसारखी लांब पानं असलेलं पाणगवत ह्यांनी नदीतून मुळासकट आणलं. मी वाळूत खोचत होते आणि हे वाकून सांगत होते — इथं नको, तिथं. दाट मागं, विरळ पुढं. बोलता बोलता लक्षात आलं, भर दिवसा, ओसरीत, आम्ही दोघं बोलतोय! मामाजी झोपाळ्यावर, सासूबाई तांदूळ निवडताहेत, आणि कोणी काही म्हणत नाही!

लग्नाला दोन वर्षं होतील. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही इथली रीत. खामगावला माहेरीही हेच होतं. हे जेवायला बसले की मी विचारायचं ते सासूबाईंना, आणि सासूबाईंनी ह्यांना. "त्यायले ईचारा, भाजी पायजे का", "तिले सांग, नको." सासूबाईसुद्धा आमच्यादेखत मामाजींशी थेट कधी बोलत नाहीत. पण पाणगवताचं बोलणं म्हणजे काम. कामाला कोण हटकणार?

ही पेटी राहिली पाहिजे. काहीही होवो.

वद्य ९

निरोप दिला म्हणून गिरजा भोईण मागच्या दाराशी जित्या मासोळ्यांचं टोपलं घेऊन आली. सासूबाई आत निघून गेल्या. मी विचारलं, "यातली कोणती कोणाबरोबर राहते गं?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप चढलाय. "मले काय मालूम बाई? कोनती तळायची, कोनती रश्श्याची, थे ईचार. टोपल्यात त कोनीच कोनाले खात नाई!"

बरोबरच आहे. तिला कधी गरज पडली?

मग आम्हीच पाहायचं ठरवलं. ह्यांचं म्हणणं, तोंड पाहा. जी दुसरीच्या तोंडात मावत नाही, ती तिची शेजारीण. शिंगटा परत — मिशा आणि एवढं मोठं तोंड! वाम परत — सापासारखी, आणि पेटीतून निघून देव्हाऱ्यात गेली तर? राहिल्या पाच चांदीसारख्या, शेपटीजवळ काळा ठिपका असलेल्या. मी त्यांना टिकल्या म्हणते. एकीची शेपटी फाटलेली, ती फाटकी. मग अंगावर काळी रेघ असलेल्या सडसडीत सुया, आणि वाळूत नाक खुपसणारी एक मुरी.

आणि मरळीचं एक पिल्लू. हे नको म्हणत होते. पण पोटावर काय केशरी रंग! बोटाएवढंही नाही, आणि तोंड तर मिटलेलं, इवलंसं! मी हट्ट धरला. "बरं, ठेव," म्हणाले. मला एवढा आनंद झाला की लाजच वाटली.

वद्य १०

सकाळभर पेटीपाशी. यांना मजले आहेत! सुया वरच्या मजल्यावर, टिकल्या मधल्या, मुरी तळमजल्यावर. कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. टिकल्या कोवळी पानं कुरतडतात — लबाड! भाताची शितं टाकली की सुयांची धावाधाव. मरळ मात्र गवताआड नुसती उभी. शिताला तोंड लावत नाही. का बरं? ह्यांना विचारलं. "लाजत असेल, नवी सून आहे," म्हणाले. मी आणखी खाली वाकले, म्हणजे हसू दिसू नये.

सासूबाईंनी बोटानं मोजल्या. पाच टिकल्या. बरोबर.

वद्य ११, एकादशी

सकाळी शितं घेऊन निघाले तोच सासूबाई — "एकादस हाये ना आज? घरात कोनाच्याच पोटात अन्न नाई, यांच्या काऊन?" मी म्हटलं, भगर चालेल का? मामाजी झोपाळ्यावरून खो-खो हसले. सासूबाई नाही हसल्या. "एक दिवस ऱ्हायतीन."

दिवेलागणीला पाहते तर — मरळीच्या तोंडातून शेपूट बाहेर! फाटलेली शेपूट! तोंड काय उघडलं होतं तिनं! कुठं लपवलं होतं एवढं तोंड?

हे आले तेव्हा डोळ्यांनीच दाखवलं. ह्यांनी मुकाट्यानं तांब्यात मरळ धरली आणि नदीत सोडून आले. मरळ का नाही, ते सांगता येईल. पण चौथ्या टिकलीनंतर बोट थांबलं की काय सांगायचं? मी पेटीवर धोतराचं फडकं टाकलं. सासूबाईंना म्हटलं, थंडी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग माळ ओढत बसल्या.

मीच हट्ट केला मरळीचा. उद्या पेटी पैनगंगेत. परवापासून पुन्हा "त्यायले ईचारा", "तिले सांग". मला नाही सहन होणार.

वद्य १२

काय चाललंय या घरात?

सासूबाई पूजेआधी आल्या. फडकं त्यांनीच काढलं. मी खांबाला धरून उभी. त्यांनी बोट काचेला लावलं — एक, दोन, तीन, चार... पाच! पाच टिकल्या! "मरळ कुठी गेली?" "मोठी होईल म्हणून सोडली," हे म्हणाले. "हाव," म्हणाल्या आणि गेल्या.

मी नाक काचेला लावून पाहिलं. पाचही शेपट्या धडधाकट. रात्रीत फाटकी शेपूट शिवली कोणी? हे म्हणतात, तू नीट पाहिलं नसशील. वा! आपण स्वतः पाहिलं ते?

वद्य १३

गिरजा आली. मला बाजूला ओढलं. "बाई, सांगू नको म्हनल्या होत्या, पन माह्या पोटात राह्यत नाई. बारशीले झुंजुमुंजू तुह्या सासूबाई घाटावर आल्या होत्या. आंघोळीच्या आंदी! आपल्या हातानं एक ठिपक्याची निवडली आन् तांब्यात घातली. मासोळी हातात! माळकरी बाई! मी म्हनलं, काऊन? त म्हने, राती फडकं उचलून पाह्यलं, एक कमी. मरळ माह्या हुकमानं उपाशी ठेवली, त पाप माह्यं. पोरीच्या माथी काऊन? आन् म्हने, थे दोघं बोलतात थितं. बोलू दे."

मी मागच्या दारातच बसले. मला रडूच आलं. सासूबाईंनी आतून हाक मारली — "भाजी लागून राह्यली!" पळत गेले.

अमावास्या

दुपारी मी आणि हे शाळेचं बोलत माजघरातून येत होतो. ओसरीत सासूबाई पेटीपाशी वाकलेल्या. मामाजी झोपाळ्यावर. आमची चाहूल सासूबाईंना लागली होती, हे नक्की. तरी त्या मान न वळवता मामाजींना म्हणाल्या, "आयकता का? इकडे या. हे पाहा, कशी पानं खाऊन राह्यली!"

मामाजी झोपाळ्यावर तसेच थांबले. मग उठले. काठी तिथंच राहिली.

मी ह्यांचा हात धरला आणि आम्ही मागच्या मागं परत फिरलो.