आपले फाटक उघडे ठेवण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय,
उताराच्या पायथ्याशी.

विषय : ब्रेक न लागणारी गाडी आपल्या कार्यालयात ओढून आणू देण्याबाबत, ते नियमात बसत नसल्यास येत्या गुरुवारी कार्यालयाचे फाटक उघडे ठेवण्याबाबत.

संदर्भ : आपले 'तक्रार निकाली' हे पत्र व त्यानंतरचे 'तक्रार पुन्हा उघडली, गाडी हजर करा' हे पत्र.

महोदय,

१. अर्जदाराचे टेकडीवर चष्म्याचे दुकान असून दुकानामागेच घर आहे. घरात अर्जदार, पत्नी व वडील अशी तीन माणसे. मेहुणा वेगळा राहतो, पण मत द्यायला रोज येतो. त्याच्याच मतावरून अर्जदाराने गेल्या वर्षी ही सात आसनांची अवाढव्य गाडी घेतली. गरज मात्र वडिलांची होती. त्यांचे पाय गेले आहेत, मूत्रपिंडेही दगा देत आहेत, आणि रक्त शुद्ध करून घेण्यासाठी त्यांना आठवड्यातून तीनदा उतारापलीकडच्या रुग्णालयात न्यावे लागते. चालकाशेजारचे आसन काढले की त्यांची चाकांची खुर्ची त्यांच्यासकट आत मावते. एवढ्यासाठीच ही गाडी. आत जाण्याबद्दल अर्जदाराची काहीच तक्रार नाही.

२. तक्रार उतारावरची आहे. तिथे ब्रेक कधी लागतो, कधी पाय थेट तळाला जातो आणि गाडीला त्याचा पत्ताही नसतो. सेवाकेंद्राचे आवार सपाट आहे. तिथे हीच गाडी गरीब गाय होते. तिथल्या साहेबांसमोर ती दरवेळी आज्ञाधारकपणे थांबली आणि अर्जदाराला तोंडघशी पाडले. तेथील व्यवस्थापकांनी अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून विचारले, की आपण नक्की ब्रेकवरच पाय देता ना? दिवसभर लोकांना बारीक अक्षरे वाचायला लावणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले. मेहुणा शेजारीच उभा होता. त्याने मान डोलावली.

३. अर्जदार एकटाच असता तर नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. परंतु उताराच्या मधल्या वळणावर एक रोपवाटिका आहे, आणि अशाच गाड्यांचे आणखी तीन मालक, म्हणजे दंतवैद्य, बांधकामाचे ठेकेदार व शाळेच्या मुख्याध्यापिका, अर्जदाराला तिथेच भेटले. चौघेही आपापल्या वेळी कुंपण मोडून आत आले होते. रोपवाटिकेच्या बाई पहिल्या वेळी ओरडल्या, दुसऱ्या वेळी त्यांनी पाणी दिले, आणि आता त्या हॉर्न ऐकताच कुंड्या उचलतात. गुलाबांच्या जागी त्यांनी खताची पोती रचून ठेवली आहेत. कंपनीने आजवर आमच्यासाठी केले नाही ते या बाईंनी केले. मात्र रविवारपासून ठेकेदारांची गाडी त्या पोत्यांत रुतून बसली असून ती निघेपर्यंत दुसऱ्या गाडीला जागा नाही. सबब उतारावरचा यापुढचा थांबा आपले कार्यालय आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

४. आपल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे, "ज्याअर्थी अर्जदार तक्रार देण्यास समक्ष हजर झाला, त्याअर्थी गाडी थांबली असली पाहिजे, सबब तक्रार निकाली." अर्जदाराने हे वाक्य दुकानातला सर्वांत चांगला चष्मा लावून पुन्हा वाचले. तरी तेच होते. याचा अर्थ, ज्याची तक्रार खरी त्याने ती द्यायला येताच कामा नये. या तर्कापुढे अर्जदाराने हात टेकले आहेत.

५. अर्जदाराचे वडील जन्मभर बसचालक होते. उतारावर बस उभी केली की चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा त्यांनी निवृत्त होताना घरी आणला. या गाडीत बसताना ते तो मांडीवर घेतात. त्यांचे म्हणणे साधे आहे : थांबते ती गाडी, बाकी सगळी घसरगुंडी. हे ऐकून आम्ही हसत असू. मागच्या आठवड्यात मात्र, खुर्ची दाराशी नेल्यावर त्यांनी चाके धरून ठेवली आणि म्हणाले, "मला नका नेऊ आता. म्हाताऱ्यापायी तुम्ही दोघं कशाला जीव घालवता?"

अर्जदार दुकानात जाऊन पुसलेल्याच काचा पुसत बसला. त्याला कंपनीचा राग आला, आपला आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला. रक्त शुद्ध करण्याची ती फेरी चुकली. दुसऱ्या दिवशी वडिलांचा चेहरा सुजला. रुग्णवाहिका फक्त तातडीच्या रुग्णांना मिळते, आणि वडील अजून तातडीचे नाहीत असे सांगण्यात आले. शेवटी रोपवाटिकेच्या टेम्पोत, कुंड्यांच्या मधोमध खुर्ची बांधून त्यांना नेले. टेम्पो जुना आहे, दाराला दोरी आहे, पण थांबतो. बाईंना रोजची रोपे पोचवायची असतात. तो टेम्पो दरवेळी मागता येणार नाही.

६. आता आपले दुसरे पत्र. त्यातील कलम चारप्रमाणे गाडी "मालकाने स्वतः चालवत, उतारावरून" आणायची असून "ओढून आणलेली गाडी तपासली जाणार नाही." ब्रेक लागत नाही हे ब्रेक लावून दाखवायचे आहे. अर्जदार कायदा पाळणारा माणूस आहे. कलम चार शिथिल करून गाडी ओढून आणू द्यावी, दोष मान्य करावा, आणि कंपनीला या गाड्या परत घेऊन थांबणाऱ्या गाड्या देण्यास सांगावे, एवढीच विनंती. हे जमत नसल्यास अर्जदार गुरुवारी सकाळी अकरा वाजता आज्ञेप्रमाणे निघेल. कधी पोचेल ते गाडीवर आहे, पण उशीर होणार नाही.

त्या दिवशी फाटक उघडे असावे. आपले टेबल फाटकाच्या अगदी समोर, खिडकीला लागून आहे; ते आतल्या अंगाला घ्यावे. निकाली काढलेल्या तक्रारींचे गठ्ठे मात्र व्हरांड्यात आडवे रचून ठेवावेत. ते खताच्या पोत्यांइतकेच जाड आहेत, आणि प्रथमच कुणाच्या तरी कामी येतील.

७. एक गोष्ट राहिली. अर्जदार एकटाच येणार होता. परंतु स्वतःच्या उपचारासाठी गाडीत पाऊल न टाकणाऱ्या वडिलांनी हे पत्र वाचल्यावर खुर्ची दाराशी आणून लावली आहे. पोराला एकट्याला त्या उतारावर सोडणार नाही, म्हणतात. वेळ आलीच तर खाली उडी मारून चाकाला ठोकळा लावतील. त्यांना दोन वर्षे उभे राहता आलेले नाही. अर्जदाराने समजावून पाहिले, पत्नीने पाहिले, मेहुण्यानेसुद्धा पाहिले. ते ऐकत नाहीत. आता त्यांना थांबवणे फक्त आपल्या हातात आहे.

आपला नम्र,
अर्जदार
(टेकडीवरचा चष्मेवाला)

दिनांक : सोमवार, गाडी उभी असताना.

सोबत :
(अ) आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती.
(आ) दंतवैद्य, ठेकेदार व मुख्याध्यापिका यांच्या सह्या.
(इ) रोपवाटिकेच्या बाईंचा जबाब.
(ई) लाकडी ठोकळा : सोबत जोडलेला नाही. वडील तो मांडीवरून उतरवायला तयार नाहीत.