वाफ वगैरे काही नसतं

४ एप्रिल, शनिवार
क्लबवर माझं विमान आज पुन्हा सुरू झालं नाही. ‘पुन्हा’ हा शब्द मेकॅनिक काकांचा. माझ्या मते इंजिन सुरू व्हायच्या बेतात होतं, बॅटरीने ऐन वेळी माती खाल्ली. सकाळी एक चक्कर मारून उतरलो, चहा प्यायलो, वीस मिनिटांनी परत बसलो तर नुसती घरघर. काका म्हणाले, व्हेपर लॉक. इंजिन बंद केलं की धग वरच्या नळ्यांना लागते, आतलं पेट्रोल उकळतं आणि पंप वाफच ढकलत बसतो. उपाय काय, तर झाकण उघडून, नाक वाऱ्याकडे करून पाऊण तास थांबा. पाऊण तास! मी विमान घेतलंय, कुकर नाही.

५ एप्रिल
ही तयार झाली! नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या विमानात बसणार. १९ तारखेला, रविवारी, तलावावरून एक फेरी. का तयार झाली ते विचारलं नाही. होकाराची चौकशी करू नये. नऊ वर्षं शेजारच्या सीटवर मी डबा ठेवतोय. मला हे फार हवं होतं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय?

८ एप्रिल
काकांच्या नादी लागायचं नाही. जुने वैमानिक पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचे, असं वाचलं. लाकूड उष्णता शोषून घेतं. साधं विज्ञान. गच्चीतून चौदा चिमटे उचलले.

९ एप्रिल
चिमटे लावले. पहिल्या झटक्यात सुरू!! काका म्हणाले, रात्रभर गार पडलेलं इंजिन चिमट्यांशिवायही सुरू होतं. मत्सर, दुसरं काय.

१० एप्रिल
हिच्या चादरी उडून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेल्या. वाऱ्याला बरीच नावं ठेवली. ही माझ्याकडे बघत राहिली.

१२ एप्रिल
गरम इंजिनावर चाचणी. सुरू झालं नाही. चिमटे कमी पडले. आणखी दहा लागतील, पण गच्चीत आता प्लॅस्टिकचेच उरलेत.

१३ एप्रिल
प्लॅस्टिकचे वितळले. त्यावर अधिक काही लिहिण्यासारखं नाही.

१५ एप्रिल
क्लबच्या शिकवणाऱ्या बाई काकांसोबत नळीवरचं प्लॅस्टिक खरवडत होत्या. वय अठ्ठावीस. मला म्हणाल्या, थोडं थांबायला काय हरकत आहे? मी म्हटलं, हरकत तत्त्वाची आहे. उद्यापासून ओला टॉवेल.

१७ एप्रिल
काकांनी हात जोडले. रविवारी आधी उडू नका, गार इंजिनावर मॅडमना थेट घेऊन जा, सगळं नीट होईल, म्हणाले. म्हणजे हिने येऊन नुसतं बसायचं, टॅक्सीत बसल्यासारखं? नाही. आधी मी एकटा वर जाणार, हिच्या डोक्यावरून पंख हलवत जाणार, मग उतरून, इंजिन बंद करून, दार उघडून हात देणार. चालत्या पंख्याशेजारून बायकोला चढवायचं नसतं, एवढं मलाही कळतं.

१९ एप्रिल, सकाळी ८
ऊन मी म्हणतंय. टॉवेल भिजवून घेतला. झोप नीट झाली नाही. भीती नाही, उत्साह.

९.१०
पंख हलवले. हिने खालून हात केला. झकास उतरलो.

९.३०
ही शेजारी. सीटबेल्ट लावला, हेडफोन घातले. इंजिन किंचित विचार करतंय.

९.४५
अजून विचार करतंय. ही घामाघूम. दार उघडू का, विचारलं. मी म्हटलं, निघतोच आहोत.

९.५५
पेट्रोल जरा जास्त सोडलं. ते खाली टपकायला लागलं. काकांनी आधी हिला उतरवलं, मग मला. शिकवणाऱ्या बाई आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभ्या. उगाच तमाशा.

१०.१०
बाईंनी हिला विचारलं, क्लबच्या विमानात येता का, ते सावलीत गार आहे. ही माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, जा, मी मागून येतोच.

१०.५०
त्या दोघी वर. बॅटरी उतरली. टॉवेल वाळला.

११.१५
ही उतरली. धावत आली. तलावाच्या मधोमध एक बेट आहे, मला माहीत होतं का, विचारत होती. नऊ वर्षं मी तिला तेच सांगतोय. तिचा चेहरा असा फुललेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. मी नळी पुसत राहिलो.

दुपारी १
काकांनी दुसरी बॅटरी लावली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. चिमट्यांचा परिणाम उशिरा होतो, असं दिसतं. ही तोवर बसने घरी गेली होती.

२० एप्रिल
हिने क्लबात नाव घातलं. सोमवारी आणि गुरुवारी शिकणार. मी म्हटलं, घरबसल्या मीच शिकवतो. ती नको म्हणाली, फार प्रेमाने. जेवताना तिला पुन्हा सविस्तर सांगितलं की वाफ वगैरे काही नसतं, हे सगळं मेकॅनिक लोकांनी उठवलेलं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, लायसन्स मिळाल्यावर माझ्या शेजारी बसशील का?
बघू म्हटलं, मला वेळ असतोच असं नाही.
भांडी आवरताना सहज विचारलं, किती दिवस लागतात त्याला?
वर्षभर तरी, ती म्हणाली.
मी म्हटलं, थांबतो.